आहे तिथंच

कॅन्ससच्या माळावर गार्थ कॅमेऱ्याला डोळा लावून उभा होता. त्याची बायको लोर्ना मागे, गाडी चालू ठेवून स्टिअरिंगवर बसली होती.

“गार्थ, टोर्नेडो आपल्याकडे येतोय. चल!”

“गप गं! जागचा हलत नाहीये तो. तेवीस वर्षं वादळांमागं नुसती गाडी हाकलीस, तुला काय डोंबल कळतंय?”

तेवीस वर्षांत लोर्नाला एक पक्कं कळलं होतं. टोर्नेडो डावी-उजवीकडे न सरकता नुसताच रुंद होत गेला, तर तो सरळ आपल्याच अंगावर येत असतो.

गार्थ खाली बसून कॅमेऱ्याची बॅटरी बदलू लागला. मान वर न करताच त्यानं ओरडून विचारलं, “सरकला का गं कुठं?”

लोर्नानं क्षणभर त्याच्या पाठीकडे पाहिलं.

“नाही रे, आहे तिथंच आहे. तू बदल सावकाश,” ती म्हणाली आणि तिनं गाडी हळूच मागं घेतली.