टाचेला टाच

फौजेत मोडलेल्या घोट्याच्या पेन्शनसाठी नवऱ्यानं केलेलं पहिलं अपील एका ओळीत निकालात निघालं होतं: 'उभं राहण्यास अडचण नाही.' म्हणून या खेपेला बायको वाटभर बजावत होती, "घरी भिंत धरून चालता ना, तसेच आत जा. दुखणं लपवलंत तर पुन्हा हात हलवत परत यावं लागेल. आणि काठी सोडू नका."

"नाही सोडत गं," म्हणत तो लंगडत तपासणीच्या खोलीत शिरला. आत वर्दीतले डॉक्टरसाहेब बसले होते. दार लागलं.

बाहेर बाकावर तिला आधी काठी पडल्याचा आवाज आला, मग टाचेला टाच खाडकन जुळल्याचा. पाठोपाठ त्याचा खणखणीत आवाज, "हजर आहे, साहेब."



घरूनच आणलेला पुढच्या अपिलाचा कोरा फॉर्म तिनं पिशवीतून काढला.