चंचीतल्या गोळ्या

"माँजी, कैल्शियम की गोली तो नहीं खातीं?" डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवरून नजर न उचलता विचारलं.

शेवंताबाईंनी पडल्या पडल्या मान हलवली. नाही.

सरितानं लेकरू एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. सकाळीच, खैरलांजीहून बालाघाटला येताना, सासूनं बसमध्ये कमरेची चंची सोडून दोन गोळ्या तोंडात टाकल्या होत्या. हाडं ठणकतात म्हणून. सरितानं ते पाहिलं होतं, आणि खिडकीबाहेर बघत राहिली होती.

डॉक्टरीणबाई सरिताच्या नवऱ्याला, वीरेंद्रला, समजावत होत्या. आईच्या छातीतला कॅन्सर हाडांत उतरलाय. हाडांतलं कॅल्शियम रक्तात येतंय, म्हणून ही सारखी तहान, हे मधूनच बरळणं. आधी सलाईन, मग किडनीचा रिपोर्ट. तो ठीक आला की औषध, तेही हळूहळू. घाई केली तर किडनी जाते.

"और ऊपर से गोलियाँ चलती रहीं, तो हमारी दवा किस काम की? जान पर बन आएगी."

गप्प राहणं किती सोपं होतं. काही करायचंच नव्हतं. सरितानं लेकराच्या टाळूवर ओठ टेकले. दुधाचा, घामाचा वास. हे पोटात होतं तेव्हा सरकारी दवाखान्याची आशा दीदी सरिताच्या नावाच्या कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन यायची आणि सासू दारातच हात पुढे करायची. "गोळीनं पोरगं पोटात मोठं होते. मंग पोट फाडा लागते." पिंढऱ्यांत वांब येऊन सरिता भिंतीला धरून उभी राहायची, तेव्हा हीच म्हणायची, नाटकं करते. वीरेंद्र हसायचा.

ती वाकली. सासूच्या कमरेची चंची ओढली आणि पांढऱ्या चादरीवर उलटी केली. सुपारीची खांडं, तंबाखू, आणि सरकारी शिक्क्याची गोळ्यांची पट्टी, अर्धी रिकामी.

"खातेत," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, पण बघत होती नवऱ्याकडे. "माह्या खातेत. पोटुशी होती मी तवापासून."

वीरेंद्रनं आईकडे पाहिलं. बायकोकडे त्याला पाहवलं नाही. औषधाची चिठ्ठी घेऊन तो खाली गेला.

नर्सनं सलाईन लावलं, थेंबांची गती लावून दिली, पाणीही पाजत राहा म्हणाली आणि निघून गेली. शेवंताबाईंनी सरिताकडे मान वळवली.

"काहून सांगतलं वं?" त्या पुटपुटल्या. "मेली असती त सुटली असती तू."

सरितानं त्यांच्या मानेखाली हात घातला, लेकराला घालते तसाच, आणि पाण्याचा ग्लास ओठांना लावला.

"मी नाई आई, तुमी सुटल्या असत्या," ती हळूच म्हणाली. "प्या. आखीन प्या. मले तुमी लय दिवस पाह्यजे."