खेळण्यास योग्य

डॉ. इंग्रिड फ्रीझनने कोनमापक पुन्हा एकदा लावून पाहिला. आठ अंश. उजवा पाय खुब्यातून आतल्या बाजूला तेवढाच वळत होता. डावा पंचवीस अंश वळला होता.

"हात काय गार आहेत तुमचे," टेबलावर उताणा पडलेला डेल प्रोकॉप म्हणाला. "बर्फावर मी असतो की तुम्ही?"

"बोलू नकोस. पाय सैल सोड."

"सैलच आहे. याहून सैल हवा असेल तर काढूनच ठेवावा लागेल."

बाहेर तपासणीसाठी थांबलेल्या खेळाडूंपैकी कोणीतरी दार वाजवलं. "डॉक्टर, आजोबांना किती वेळ? वयाचा दाखला सापडत नाहीये का?" हशा झाला. डेलही हसला. हसताना त्याने टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती, हे तिला दिसलं.

डेल सदतीस वर्षांचा होता आणि आइस हॉकीचा गोलरक्षक म्हणून क्लबशी त्याचा करार अजून तीन वर्षांचा होता. सकाळी मॅनेजर गॉर्ड टेसिए दोन कॉफी घेऊन या खोलीत आला होता, तो त्याबद्दलच बोलायला.

"त्याचा खुबा गेलाय, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही," गॉर्ड म्हणाला होता. "तुम्ही तसं लिहिलंत की तो जायबंदींच्या यादीत जातो. पगार त्याला पुरा मिळतो. लीगने आम्हाला घालून दिलेल्या पगाराच्या मर्यादेत मात्र त्याचे ऐंशी लाख डॉलर धरले जात नाहीत. नाहीतर मला लासेला दुसऱ्या क्लबला द्यावं लागेल, आणि त्याच्यासारखा गोल करणारा पुन्हा मिळायचा नाही. मी खोटं लिहा म्हणत नाहीये, डॉक्टर. खरं तेच लिहा."

त्याच्या बोलण्यात तिला चूक सापडली नव्हती. तिच्या कॉफीचं झाकण अजून तसंच होतं.

"दुखतं किती? दहापैकी."

"दोन."

तो नेहमी दोनच म्हणायचा. तडा गेलेल्या बरगडीनिशी सहा सामने खेळला तेव्हाही दोन. ती लिहून घ्यायची.

"डेल, या वयात त्या यादीत गेलेला माणूस परत बर्फावर येत नाही."

"म्हणून तर दोन." त्याने छताकडे पाहिलं. "अंश किती भरले?"

"आठ."

"आणि मागच्या खेपेला मोजले तेव्हा? दोन वर्षं झाली असतील."

तिला पाठ होतं, तरी तिने फाइल उघडली. नऊ. शेजारी तिच्याच अक्षरात 'खेळण्यास योग्य', आणि खाली सही. त्या वर्षी संघ बाद फेरीत होता आणि दुसऱ्या गोलरक्षकाचा गुडघा दुखावला होता. तेव्हाही गॉर्ड याच खोलीत येऊन गेला होता.

"नऊ," ती म्हणाली.

डेल कोपरांवर जोर देऊन उठून बसला. त्याला त्यासाठी आधी डाव्या कुशीवर वळावं लागलं. "मग एका अंशानं गेलो का मी?"

कोनमापकाची चूकच पाच अंशांपर्यंत असते. शिकाऊ डॉक्टरांना ती हे दर वर्षी सांगायची. आठ आणि नऊ यांत फरक नसतो. ते एकच माप असतं.

दारावर पुन्हा टकटक झाली. या वेळी गॉर्डचा आवाज होता. "डॉक्टर, अहवाल बाराच्या आत लीगकडे जायला हवा."

"पाच मिनिटं."

तिने लिहायला घेतलं. उजवा खुबा, आठ अंश. सांध्याची झीज. वेदना, खेळाडूच्या सांगण्यानुसार, दोन. खेळण्यास अयोग्य. डेल पेनाकडे बघत होता. शेवटच्या शब्दापाशी त्याने मान फिरवली.

पेन खाली ठेवायला हवं होतं. तिने ते ठेवलं नाही. खाली जागा होती, तिथे तिने आणखी लिहिलं आणि सही करून कागद त्याच्यापुढे धरला.

डेलने सावकाश वाचलं, ओठ हलवत. 'दोन वर्षांपूर्वी हेच माप नऊ अंश होते. हा फरक मोजण्यातल्या चुकीपेक्षा कमी आहे. खुबा तेव्हाही असाच होता. तेव्हा मी त्यांना खेळण्यास योग्य ठरवले होते.'

"लीगवाले विचारतील ना, मग तेव्हा कसं खेळवलं म्हणून."

"विचारतील."

"गॉर्ड ठेवणार नाही तुम्हाला."

"बहुतेक नाही."

"मग हे कशाला, डॉक्टर? मी तर तसाही गेलोच."

पुढचा खेळाडू बाहेर वाट बघत होता, पाच मिनिटं संपत आली होती. टेबलाखाली डेलचे बूट पडले होते आणि बुटांत मोजे. त्यांच्याकडे बघत तिने या खोलीत कधीच न विचारलेलं काहीतरी विचारलं.

"मोजे कोण घालतं तुला?"

डेलने कागदाची घडी केली, उलगडली, परत केली.

"मॉरीन," त्याने बायकोचं नाव घेतलं. "पोरं उठायच्या आत."