फोटोतली अम्मी

"ह्यातबी तूच हायस, अम्मी!" वसीम अमेरिकेतून फोनवर ओरडला.

दिलशादनं दुसरा फोटो फोनसमोर धरला. महाबळेश्वरचा तलाव, होडी. एका टोकाला वसीम, दुसऱ्या टोकाला त्याची बायको नौशीन, आणि मधे लाइफ जॅकेट घालून, दोन्ही हातांनी फळी गच्च धरून बसलेली दिलशाद.

"आणि त्या पलीकडच्यात?"

"त्यातबी मीच हाय रं," ती बारीक आवाजात म्हणाली.

नौशीनची व्हिसाची मुलाखत परवावर आली होती. लग्न खरं आहे, नुसतं कागदापुरतं नाही, एवढं मुंबईत साहेब लोकांना पटवायचं होतं. पटलं तर पोरगी नवऱ्याकडं जाणार, नाही तर इथं कुंडल गावातच त्याची वाट बघत बसणार. त्यासाठी नवरा-बायकोचे फोटो पाहिजेत. आता ते आणायचे कुठनं? निकाहात बाया एकीकडं, बाप्ये एकीकडं. पुढं वसीमची रजा ती केवढी, आणि ह्या दोघांना चारचौघांत जवळ उभं राहायचीच लाज. दिलशादला मात्र लाज कसली! कुणी फोन वर धरला की पदर सावरून ही आपली मधे हजर.

महाबळेश्वरला तर ती जाणारच नव्हती. नव्या जोडप्यात म्हातारीचं काय काम, म्हणून आतल्या खोलीत दडून बसली होती. नौशीननंच हाताला धरून गाडीत बसवलं. "अम्मी, उभा जन्म तुमी लोकांचे ब्लाऊज शिवण्यात घालवला. तुमी न्हाई तर मीबी न्हाई." त्या दिवशी दिलशादनं आयुष्यात पहिल्यांदा स्ट्रॉबेरी खाल्ली. त्या चवीसाठी ती अजून सुनेला दुवा देत होती. अन् आता तीच हौस सुनेच्या मुळावर आली! तिचा जीव टांगणीला लागला.

तिनं शिवणाच्या डब्यातली कात्री काढली. "मला कापून टाकते. मग तुमी दोघंच ऱ्हाताय."

पलीकडच्या फोटोला कात्री लावली खरी, पण त्यात तिचा एक हात नौशीनच्या खांद्यावर होता. तो कुठनं कापायचा, तेच तिला कळेना.

शेजारी बसलेल्या नौशीननं कात्री काढून घेतली. "जसं हाय तसं दावीन. तुमास्नी कापून मला कुठंबी जायचं न्हाई."

"अगं, व्हिसा गेला तर?"

"गेला तर गेला."

दिलशादच्या डोळ्यांत पाणी आलं. असली पोर आपल्या दारात आली, त्याबद्दल अल्लाचे मानावेत तेवढे आभार थोडेच, असं तिला वाटलं. भीती मात्र तसूभर कमी झाली नाही.

मुलाखतीच्या दिवशी नौशीन भाऊ अजीमबरोबर मुंबईत होती. दिलशादनं शिलाई मशीनला हात लावला नाही. दुपारची नमाज झाली तरी ती मुसल्यावरनं उठेना. माझ्या मिरवायच्या हौसेची शिक्षा त्या पोरीला नको, असं ती देवाशी भांडून सांगत होती. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडं नौशीन रडत होती.

"गेला ना गं? माझ्यामुळंच गेला!"

"आवं अम्मी, मिळाला! मॅडमनं फोटो उलटंपालटं करून बघितलं. म्हणाली, सगळ्यात ही बाई कोण? म्हणलं, माझ्या सासूबाई. लगीन झाल्यावर आमी फिरायला गेलो तवाबी बरोबर हुत्या."

"या अल्ला!" दिलशादनं कपाळावर हात मारला. "मग काय म्हणाली?"

नौशीन रडता रडता हसायला लागली. "म्हणाली, खोटं लग्न करणारं कोण हनिमूनला सासू घेऊन जातंय?"