वरचा सूर

धाकटा नातू झाला त्या वर्षी आमच्या भजनी मंडळाने दत्तजयंतीचा कार्यक्रम ऑनलाइन केला. सगळ्या एकदम गायल्या तर गोंधळ होईल, म्हणून नातीने, केतकीने, प्रत्येकीला शिकवलं, "नाव घेतलं की माइकचं बटण दाबायचं. झालं की परत दाबायचं."

अनुसयावहिनींचा माइक आधीपासून चालूच होता. शिकवल्याप्रमाणे त्यांनी बटण दाबलं आणि तो बंद झाला. मस्कतला असलेला त्यांचा दिगंबर खास आईचा अभंग ऐकायला बसला होता. वहिनी डोळे मिटून गात होत्या. आवाज कोणालाच येत नव्हता. केतकी हाक मारणार, तोच मी तिला अडवलं. "अभंग मध्येच तोडत नाहीत. संपला की परत म्हणायला लावू."

अभंग संपला. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. "ऐकलंस ना रे दिगू? वरचा सूर लागला आज."

आम्ही काही बोलायच्या आत तो म्हणाला, "लागला, आई. छान म्हणालीस."

"मग रडतोस कशाला, मेल्या?"

मी शरमेने मान खाली घातली. परत म्हणा, एवढं सांगायचं धैर्य कोणालाच झालं नाही.

अनुसयावहिनी लगेचच्याच पौषात, संक्रांतीच्या आदल्या दिवशी गेल्या.