अठ्ठेचाळिसावी पायरी

भागिरथीचं पत्र १९९४ सालचं. तीन वर्षं झाली, मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. ती माझी जुनी विद्यार्थिनी. वर्गात संख्यामालिकेचं कोडं सर्वांत आधी तीच सोडवायची. लग्न होऊन पुणतांब्याला गेल्यावर तिनं लिहिलं होतं:

"गुरुजी, नदीच्या पायऱ्यांवर रोज सकाळी एकच ओलं डावं पाऊल दिसतं. तिसरी, आठवी, पंधरावी, आज चोविसावी पायरी. आमचं दार अठ्ठेचाळिसाव्या पायरीवर आहे. ते दाराशी येईल का?"

फरक पाच, सात, नऊ; पुढे अकरा, तेरा, म्हणजे थेट अठ्ठेचाळीस. मला लगेच दिसलं. पण चार संख्यांना दुसरेही नियम बसतात. आपलं चुकलं तर, या भीतीनं कार्ड कोरंच राहिलं. तिचंही पुन्हा पत्र आलं नाही.

या सोमवारी सावेडीतल्या आमच्या जिन्यात, तिसऱ्या पायरीवर, एक ओलं डावं पाऊल होतं. मंगळवारी आठवीवर.

आज शुक्रवार. जिना झाडणारी चांगुणा हसली. "गुरुजी, अंघोळ करून जिन्यात कशाला येताय? आन् एकाच पायानं? लंगडी खेळता व्हय?"

मी मोजलं. पस्तिसावी. बोटं वरच्या बाजूला. तिथून माझं दार तेरा पायऱ्यांवर.

घरात येऊन कार्ड लिहिलं: "चि. भागिरथी, उत्तर अठ्ठेचाळीस. उशीर झाला, माफ कर. तू दार उघडलं होतंस का, तेवढं कळव."

पुणतांब्याला टपाल पोचायला दोन दिवस लागतात; अठ्ठेचाळिसावी पायरी उद्याच. ते पाऊल ओलांडून मी खाली उतरलो आणि कार्ड पेटीत टाकलं.