ओडेटच्या दोन पायऱ्या

"इथं थांबू नका, आजोबा. वर पाहुणे झोपलेत," हॉटेलचा मॅनेजर धावत येऊन म्हणाला.

अल्सीडनं हात वर केला. त्याच्या बायकोची, ओडेटची, शवपेटी खांद्यावर घेतलेली माणसं तिथंच थांबली, मागचे बँडवालेही थांबले. न्यू ऑर्लिन्समधल्या काळ्या लोकांच्या या जुन्या वस्तीत कुणी गेलं, की त्याला आधी स्वतःच्या दारात आणतात, बँड वाजवून घराचा निरोप देतात आणि मगच दफनभूमीची वाट धरतात. ओडेटचं घर पाडून तिथं हॉटेल उभं राहिलं होतं. उरल्या होत्या दाराच्या दोन पायऱ्या, आणि त्यांवर शोभेच्या कुंड्या.

"पण आता तुमचं घर कुठाय इथं?" मॅनेजर म्हणाला.

अल्सीड एकेक कुंडी उचलून बाजूला ठेवू लागला. "या पायऱ्यांवर बसून आम्ही जन्मभर शेंगा सोलल्या, पोरा. तुझे पाहुणे काल आले."

"मी पोलिसांना बोलावतो!"

"बोलाव की. येताना टोप्या काढून या म्हणावं."

खालच्या पायरीवर तो डाव्या बाजूला बसला. उजवीकडे तिच्यापुरती जागा सोडली. मग बँडवाल्यांकडे वळून म्हणाला, "जोरात वाजवा रे. तिला हल्ली कमी ऐकू यायचं."